ब्लूगिल चावतच नाही

गेल्या जूनमध्ये इथे मिनेसोटातल्या एका तलावाच्या धक्क्यावर बसून मी तासभर बॉबरकडे, म्हणजे गळाच्या दोरीवरच्या तरंगत्या गोळ्याकडे, बघत होते आणि तासाभरात तो बरोबर दोनदा हलला. दोन्ही वेळा काठी उचलली, दोन्ही वेळा गळ रिकामा. शेजारी एक आजोबा बसले होते (इकडे प्रत्येक धक्क्यावर असे एक आजोबा असतातच), ते म्हणाले आज मासे चावत नाहीयेत. मी मान डोलावली. पण त्या दिवशी मी एक उद्योग करून ठेवला होता, गळापासून हातभर अंतरावर एक छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा दोरीने पाण्यात सोडला होता, आणि रात्री घरी येऊन फुटेज बघितलं तर त्या तासाभरात आमिष एकोणीस वेळा माशाच्या तोंडात जाऊन परत बाहेर आलं होतं. एकोणीस वेळा! आणि वर बॉबर हलला दोनदा.

म्हणजे आजोबा बोलले ते अगदी शब्दशः खरं होतं. मासे चावत नव्हतेच. ब्लूगिल आणि त्याच्यासारखे पॅनफिश आमिषाला कधीच चावत नाहीत.

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. माझ्या फुटेजमध्ये एका चित्रात अळी आहे, समोर मासा आहे, तोंड बंद. पुढच्या चित्रात मासा तिथेच, तोंड बंद, अळी गायब. मधे काय झालं ते दिसतच नाही. पुढच्या खेपेला सेकंदाला २४० चित्रं घेणारं सेटिंग लावलं तेव्हा कुठे पाच-सहा चित्रांमध्ये ते तोंड उघडताना दिसलं, आणि अळी तोंडाकडे अशी गेली की जणू तिलाच घाई झाली होती.

तर हा लेख त्या पाच-सहा चित्रांबद्दल आहे.

आधी पॅनफिश म्हणजे काय ते सांगून टाकते. ही काही शास्त्रीय जात नाही. अख्खा मासा तव्यात मावेल एवढ्या आकाराचे, उत्तर अमेरिकेतल्या तलावांत आणि तळ्यांत भरपूर सापडणारे जे मासे, त्या सगळ्यांना मिळून हे नाव आहे. ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी हे सगळे सनफिशच्या कुळातले, आणि यलो पर्च वेगळ्या कुळातला पण तव्यात मावतो म्हणून यादीत. या सगळ्यांत ब्लूगिल सर्वात ओळखीचा, तळहाताएवढा, चपटा, कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळा ठिपका. आजवर गळाला लागलेला सगळ्यात मोठा ब्लूगिल १९५० मध्ये अलाबामातल्या केटोना लेकमध्ये मिळाला, ४ पौंड १२ औंस, म्हणजे साधारण सव्वादोन किलोच्या थोडा खाली. तव्यात मावला नसता. एरवी पाव किलोचा मिळाला तरी लोक फोटो काढतात.

आता मुख्य मुद्दा. जमिनीवरचा प्राणी खातो तेव्हा तो घासाकडे तोंड नेतो आणि पकडतो, कारण हवा हलकी असते, ती आपसूक बाजूला होते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट आहे. पाण्यात तुम्ही झडप घालायला गेलात की तुमच्या तोंडाच्या पुढचं पाणी आधी ढकललं जातं, आणि त्या पाण्याबरोबर तुमचा घासही पुढे ढकलला जातो. बादलीत पडलेला तांदळाचा दाणा चिमटीत धरून बघा, बोटं जवळ नेली की तो सरकतो. माशांनी यावर काढलेला तोडगा असा की घासाकडे जायचंच नाही, घास जिथे आहे ते पाणीच आत घ्यायचं.

ब्लूगिलचं डोकं म्हणजे एक घडी घातलेली पिशवी आहे असं समजा, हाडांची, पण सांध्यांनी जोडलेली. घास समोर आला की एकापाठोपाठ एक गोष्टी होतात: कवटी वर उचलली जाते, खालचा जबडा खाली पडतो, वरचा जबडा नळकांड्यासारखा पुढे सरकतो, जिभेखालचं हाड खाली ओढलं जातं, गाल बाहेर फुगतात. हे सगळं पुढून मागे लाटेसारखं जातं. कल्ल्यांवरची झाकणं पहिल्यांदा घट्ट मिटलेली असतात, म्हणजे मागून पाणी शिरायला वाट नाही. तोंडाच्या आतली जागा क्षणात कितीतरी पटीने वाढते, आतला दाब धाडकन खाली येतो आणि बाहेरचं पाणी समोरच्या एकुलत्या एक भोकातून आत घुसतं. मग तोंड मिटतं, झाकणं उघडतात, पाणी मागून बाहेर, आणि कल्ल्यांच्या कमानींवर असलेले काटे घास अडवून ठेवतात. तोंड उघडून घास आत जाईपर्यंतचं सगळं पंचवीसएक मिलिसेकंदांत, आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात त्याचे चार-पाच घास होतील.

(खरं म्हणजे मासा पाणी 'ओढतो' असं म्हणणंही चूकच आहे. पाणी कोणी ओढत नाही, बाहेरचा जास्त दाब ते आत ढकलतो. स्ट्रॉने सरबत पिताना पण तेच. पण आता सगळे ओढतो म्हणतात तर मीही म्हणते.)

ब्लूगिल या कामात जबरदस्त आहे. त्याच्या तोंडात दाब मोजायची बारीक नळी बसवून प्रयोग झालेत, आणि ताकद लावली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास अर्ध्या वातावरणाने खाली जातो. अर्धं वातावरण म्हणजे किती? पाच मीटर उंच स्ट्रॉ उभी धरून तिच्यातून वरपर्यंत पाणी चढवायचं झालं तर लागेल एवढं. दुमजली घराच्या गच्चीत बसून अंगणातल्या बादलीतलं पाणी प्यायचं! तळहाताएवढ्या माशाने.

मग प्रश्न असा की एवढी ताकद येते कुठून, कारण डोक्यात तर हाडंच हाडं, स्नायू चिमूटभर. २०१५ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी या ब्लूगिलच्याच कुळातल्या लार्जमाउथ बासच्या हाडांमध्ये बारीक खुणा बसवून खाताना त्याचे एक्स-रे व्हिडिओ घेतले, आणि हिशोब केला तर ९५ टक्क्यांहून जास्त शक्ती डोक्यातली नव्हतीच, ती पाठीच्या आणि अंगाच्या स्नायूंमधून येत होती. ज्या स्नायूंना आपण पोहायचे स्नायू म्हणतो ना, ज्याची फिले म्हणजे बिनकाट्याचे तुकडे काढतात, तेच मांस. ते आखडतं, कवटीला मागून वर खेचतं, खांद्याच्या हाडांना खाली खेचतं आणि डोक्याची पिशवी उघडते. नंतर २०१८ मध्ये ब्लूगिलमध्येही हेच दाखवलं गेलं. म्हणजे हा मासा खाताना तोंडाने खातच नाही, अख्ख्या अंगाने खातो. मला हे वाचल्यापासून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं, नवऱ्याला जेवताना सांगितलं तर म्हणाला बरं, आमटी वाढ.

आता यातली मेख. एवढी ताकद असून तिचा पल्ला किती? जवळजवळ शून्य.

मेणबत्ती पेटवा, हातभर अंतरावरून फुंकर मारा, विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून दाखवा. नाही विझत, कितीही जोर लावा, ज्योत ढिम्म हलत नाही. फुंकर एका दिशेने झोतासारखी जाते, पण ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, त्यामुळे कुठल्याच एका बाजूने फारशी येत नाही. पाण्याचंही तसंच. तोंडापाशी एक बिंदू धरा आणि त्याच्याभोवती फुगे कल्पा, एकात एक, वाढत्या त्रिज्येचे. प्रत्येक फुग्याच्या पृष्ठभागातून दर सेकंदाला आत येणारं पाणी तेवढंच असलं पाहिजे, कारण मधे पाणी साठत नाही की तयार होत नाही. फुग्याचं क्षेत्रफळ ४π गुणिले त्रिज्येचा वर्ग. म्हणून वेग म्हणजे एकूण प्रवाह भागिले ते क्षेत्रफळ, म्हणजे अंतर दुप्पट झालं की वेग एक चतुर्थांश. हे झालं आदर्श गणित, प्रत्यक्षात तोंड हा बिंदू नसून भोक आहे, मासा स्वतः मागच्या बाजूचं पाणी अडवतो, शिवाय प्रवाह स्थिर नसून मिलिसेकंदागणिक बदलतो, त्यामुळे आकडे थोडे वेगळे येतात. २००५ मध्ये पाण्यात बारीक चमकते कण सोडून, त्यावर लेझरचा पातळ पडदा टाकून ब्लूगिलच्या तोंडासमोरचा प्रवाह मोजला गेला. तोंडाच्या अर्ध्या व्यासाइतक्या अंतरावर वेग पाव उरतो, आणि एका व्यासावर जेमतेम पाच टक्के.

ब्लूगिलचं तोंड एक-दीड सेंटिमीटरचं. म्हणजे बोटभर अंतरापलीकडे त्या सगळ्या ताकदीचा उपयोग नाही. (ज्यांची मागच्या परिच्छेदात डुलकी लागली त्यांनी एवढंच वाक्य घेऊन पुढे यावं.)

आणि म्हणूनच तो जे करतो ते करतो. कॅमेऱ्यात दिसतं की ब्लूगिल आमिषाकडे सरळ धावून येत नाही. येतो, जवळ आल्यावर छातीचे पर पसरून ब्रेक मारतो, बोटभर अंतरावर जागच्या जागी थांबतो, बघतो, आणि मग ओढतो. धक्क्यावरचे लोक म्हणतात मासा हुशार आहे, संशय घेतोय. घेतही असेल थोडा, पण त्याला तिथे थांबणं भागच आहे, त्याशिवाय त्याचा नेम लागत नाही. पुढे सरकणाऱ्या वरच्या जबड्याचंही हेच काम, भोक शेवटच्या क्षणी घासाच्या जवळ नेलं की घासावरचा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतो.

आता गळाकडे या. पाण्यात मोकळी तरंगणारी अळी पाण्याबरोबर आत जाते, कारण तिची घनता पाण्याएवढीच. एक सेंटिमीटर अंतर २० मिलिसेकंदांत कापायचं म्हणजे प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, अळीला त्याचं काही नाही, ती पाण्याचाच भाग असल्यासारखी जाते. पण तिच्यातून तुम्ही जाडजूड गळ घातलात, वर शिशाची गोळी लावलीत आणि ती ताणलेल्या दोरीला बांधलीत की हिशोब बदलला. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड. प्रवेग घेणाऱ्या पाण्यात ठेवलेल्या गोल वस्तूचं गणित केलं (घर्षण सोडून दिलं तर) शिशाच्या गोळीला पाण्याच्या प्रवेगाच्या जेमतेम एक अष्टमांश प्रवेग मिळतो. पाणी आत गेलं, गोळी अजून विचार करतेय. तोंड मिटलं, पाणी मागून निघून गेलं, आणि आमिष ओठाशी. किंवा अर्धंच आत. मासा म्हणतो हे काहीतरी विचित्र आहे, आणि तीच सगळी यंत्रणा उलटी चालवून थुंकून टाकतो. माझ्या एकोणीसपैकी बहुतेक वेळा हेच झालं होतं, कारण मी मोठ्या माशांसाठीचा गळ लावून बसले होते.

म्हणून मग ब्लूगिलसाठी ८ किंवा १० नंबरचा गळ (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, कोणी ठरवलं देव जाणे), बारीक तारेचा, लांब दांडीचा म्हणजे काढायला सोपा. बारीक दोरी, कारण जाड दोरी कडक असते आणि आमिषाला धरून ठेवते. शिसं शक्य तितकं कमी आणि आमिषापासून वीतभर वर, म्हणजे खाली आमिषाला थोडी मोकळीक राहते. आमिष पण छोटं, मेणकिड्याची अळी किंवा गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, अख्खं गांडूळ लावलं की तो टोक धरून खेळत बसतो. आणि ते डबीतलं मोठं गांडूळ मुळात युरोपातलं आहे, हिमयुगानंतर इथल्या उत्तरेकडच्या जंगलांत गांडुळं नव्हतीच, आता ती जंगलातला पालापाचोळा फस्त करतायत, तेव्हा उरलेली गांडुळं काठावर सोडून देऊ नका, कचऱ्यात टाका.

बॉबरचा हिशोब मात्र कोणी करत नाही म्हणून मी केला. तो लाल-पांढरा गोल बॉबर घ्या, अडीच सेंटिमीटर व्यासाचा, अर्धा बुडालेला. तो अजून एक सेंटिमीटर खाली न्यायचा तर आर्किमिडीजप्रमाणे सुमारे ४ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे ४ ग्रॅम वजनाइतका जोर. आता ४ मिलिमीटर जाडीचा काडीसारखा बॉबर घ्या, फक्त टोक वर राहील असं शिसं लावून तोललेला. एक सेंटिमीटर खाली न्यायला जोर लागतो ०.१३ ग्रॅमचा. तीस पटींचा फरक! गोल बॉबर तुम्हाला मासा पळायला लागल्यावर कळवतो, काडी तो ओढतो तेव्हाच कळवते. माझे एकोणीसचे दोन का झाले ते इथे उघड आहे. काडी लावल्यावर आजोबांनी विचारलं हे काय, मी सगळं समजावलं, घन सेंटिमीटरसकट, ते म्हणाले हं, आणि गोल बॉबरवर त्यांनी माझ्यासमोर तीन काढले. हात आणि नजर पन्नास वर्षं मुरली की आर्किमिडीज बिचारा काय करणार.

क्रॅपीचं थोडक्यात. त्याचं तोंड मोठं, जबडा आणखी पुढे येतो, आणि तो बहुतेक वेळा खालून वर येऊन घेतो, त्यामुळे आमिष आणि शिसं दोन्ही उचललं जातं आणि बॉबर बुडायच्या ऐवजी वर येतो किंवा आडवा पडतो. नवशिक्यांना वाटतं वाऱ्याने पडला. तोंडाच्या कडेची त्वचा इतकी पातळ की त्याला पेपरमाउथ म्हणतात, जोरात हिसका दिलात तर गळ ती फाडून बाहेर. यलो पर्च थव्याने तळाशी असतो, एक मिळाला की तिथेच परत गळ टाका, बस्स.

आणि मासे खरंच घेत नाहीत तेव्हा? अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल यांचा १९७४ चा एक प्रयोग यात फार सुंदर आहे, त्यांनी ब्लूगिलसमोर लहान-मोठ्या आकाराच्या डाफ्निया म्हणजे पाण्यातल्या पिसवा वेगवेगळ्या प्रमाणात ठेवल्या. विरळ असताना मासा समोर येईल ते खायचा. दाट झाल्यावर छोट्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही, फक्त मोठ्या. अन्न मुबलक असेल तेव्हा तो निवडक होतो, आणि तुमचं आमिष त्याला निवडण्यासारखं वाटत नाही. यात ग्रहताऱ्यांचा संबंध नाही.

हो, ग्रहताऱ्यांवरून आठवलं. आपल्याकडे मुहूर्त, तसं इकडे सोलुनार टेबल. जॉन आल्डन नाइट यांनी १९२६ साली मांडलेली कल्पना, की चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मासे कधी खातील ते सांगता येतं, आता त्याची ॲप निघालीत, माशाच्या चित्राखाली तारे देतात, आज साडेतीन तारे. समुद्रात भरती-ओहोटीने अन्न हलतं हे ठीक आहे, पण ग्रेट लेक्स, जे जवळजवळ समुद्रच आहेत, तिथेसुद्धा चंद्राची भरती ५ सेंटिमीटरच्या आत. मग तुमच्या गावाबाहेरच्या तळ्यात किती असेल ते तुम्हीच ठरवा. चंद्रप्रकाशाचा रात्रीच्या सूक्ष्म जीवांवर परिणाम होतो हे मान्य, पण दुपारी दोन वाजता साडेतीन तारे? होडीत केळं नेलं की मासे मिळत नाहीत हीसुद्धा इथली पक्की श्रद्धा आहे. मी मुद्दाम केळं नेते. आमिषाला लावायच्या त्या गोड वासाच्या बाटल्यांचंही तेच, ब्लूगिल दिवसा मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो, बाटलीचा वास आधी गिऱ्हाइकाला लागतो.

ओढून खाण्याची ही युक्ती किती चालते याचा पुरावा हवा असेल तर जपान बघा. १९६० मध्ये तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला आले होते, शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले, ते जपानमध्ये संशोधनासाठी गेले आणि पुढे बिवा सरोवरासकट सगळीकडे पसरले, तिथल्या माशांची अंडी, पिल्लं, किडे, जे तोंडात मावेल ते ओढत. २००७ मध्ये सम्राट अकिहितोंनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. स्वतः माशांचे अभ्यासक, त्यांना किती लागलं असेल.

एक गोष्ट राहिली, घरट्यांची. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ब्लूगिलचे नर उथळ पाण्यात शेपटीने वाळू उडवून बशीसारखे खड्डे करतात, शेजारी शेजारी, वसाहतच असते, वरून बघितलं तर तळ जणू कोणी वाटीने उकरलाय. मादी अंडी घालून जाते, राखण नर करतो. या दिवसांत मोठे नर पकडणं अगदीच सोपं, आणि तिथेच घोळ होतो. मोठे नर काढले की अंडी उघडी पडतात, आणि दांडगा प्रतिस्पर्धी उरला नाही की छोटे नर लवकर वयात येतात आणि वाढायचं सोडून देतात, मग तलावभर बोटाएवढे मासे. मिनेसोटाने काही निवडक तलावांमध्ये म्हणूनच रोजची मर्यादा ५ किंवा १० वर आणली आहे. मी जूनमध्ये घरट्यावरचा नर मिळाला तर परत सोडते.

मिळाला तर. कारण या नराला त्या वेळी भूक नसतेच. परवा मी मुद्दाम एका घरट्याशेजारी कॅमेरा सोडला आणि काडीचा बॉबर लावून आमिष नेमकं बशीत टाकलं. बॉबर बुडला नाही, वरही आला नाही, शांतपणे दोन फूट उजवीकडे चालत गेला आणि थांबला. मी काठी उचलली, रिकामी. फुटेजमध्ये दिसलं की त्याने माझी अळी गळासकट अलगद ओढून घेतली, पोहत घरट्याच्या कडेला नेली, बाहेर थुंकली आणि परत येऊन अंड्यांना वारा घालत बसला.